न बोलता यायची वाट

आबा कुठल्याही वस्तूला आधी बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची, आत यायच्या आधी दार, जेवायच्या आधी डब्याचं झाकणसुद्धा. ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि आवाज मनासारखा आला की "घट्ट हाय" म्हणून पुढे जायचे. आमचे शेठ त्यांना चिडवायचे, "आबा, खुर्ची हाय ती, कलिंगड न्हवं." आबा म्हणायचे, "कलिंगड पिचकं निघालं तर म्हशीला घालता येतं. खुर्ची पिचकी निघाली तर कंबर कुणाला घालू?"

कुपवाडला आमच्या शेडमध्ये फायबरच्या पाण्याच्या टाक्या होतात. साच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, वर रेझिन लावायचं आणि रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. हवा राहिली की तिथे पोकळ राहतं आणि पुढे तिथूनच चीर जाते. मी हे काम करते. आबांनी शेडचा मागचा भाग शेठकडून भाड्याने घेतला आणि तिथे बोट बांधायला काढली. नदीतली होडी नव्हे, समुद्रात लांब जाणारी शिडाची बोट. एमआयडीसीतली माणसं सुट्टी झाली की गाड्या वळवून बघायला यायची. एकाने विचारलं, "आबा, कृष्णेतनं नेणार का काय ही?" आबा म्हणाले, "कृष्णा बंगालच्या बाजूला जाती गड्या. मला उलटं जायाचं हाय."

आबा सातारा जिल्ह्यातले, शिरवळच्या बाजूच्या एका गावचे. त्यांच्या गावात घरटी एक माणूस मिलिटरीत. आबा नेव्हीत गेले, सगळी नोकरी पाण्यावर काढली आणि पेन्शन घेऊन घरी आले. शेठ त्यांच्या बायकोच्या माहेरच्या नात्यातले, म्हणून बोटीसाठी ते इतक्या लांब सांगलीला आले. आठवडाभर शेडमागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी एसटीने गावी जायचे.

बोटीचं पोट तयार झाल्यावर ठोकून तपासायचं होतं. आबा बाहेरून जुन्या जाड रुपयाने ठोकणार आणि आत कुणीतरी बसून ऐकणार. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. शेठ हसले, "तिला नेऊ नगा. ती हाय का न्हाई तेच कळायचं न्हाई तुम्हाला." मी तशीच आहे. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. आबा म्हणाले, "मला गप्प माणूसच पायजे. बोलणारं माणूस आपलाच आवाज ऐकतं." मग ठरलं ते असं. आबा बाहेरून ठोकणार. मी आतून त्या जागेवर हात ठेवणार. आवाज भरीव आला तर मी एकदा वाजवायचं. भद्द, म्हणजे पोकळ आला तर दोनदा, आणि तिथे खडूने गोल करायचा. मी ज्या माणसाकडे मान वर करून बघत नव्हते, त्या माणसाशी अशी दिवसभर बोलत होते. बोटाने. आबा मला तेव्हापासून गप्पी म्हणायला लागले. "गप्पे, लय बोललीस आज. जा, पाणी पी."

पावसाळ्यात मात्र सगळं अडून बसायचं. रेझिनला दमट हवा सोसत नाही. वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आत चिकट राहतं. टाक्यांना शेठ मोठे बल्ब लावून काम भागवून घ्यायचे. बोटीला आबा तसं करू द्यायचे नाहीत. "उघडीप पडू दे," एवढंच म्हणायचे. त्यांचे एक भाचे महाबळेश्वरला टॅक्सी चालवतात. रोज सकाळी त्यांना फोन लावायचे. "काय म्हणतंय तुमचं आभाळ?" फोन मोठ्या आवाजात असायचा, त्यामुळे भाच्याचं उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. "मामा, इथं गाडीपुढचं गिऱ्हाईक दिसंना झालंय. आभाळ कुठनं बघू?" आबा फोन ठेवायचे आणि बोटीला ठोकत बसायचे. पत्र्यावर पाऊस, खाली टकटक. आमच्या जतकडे एवढा पाऊस मी कधी बघितला नव्हता. आमचे लोक पाऊस लागला की मेंढरं घेऊन पाठ फिरवतात. आबा पावसाकडे तोंड करून बसलेले असायचे.

बोटीत झोपायच्या दोन फळ्या होत्या. एक आबांच्या मापाची, दुसरी बरीच लांब. एकदा शेठने विचारलं, "दुसरा कोण येणार हाय संगं?" आबा फळी घासत होते. वर न बघता म्हणाले, "जाताना मी एकटाच. येताना दोघं."  शेठ खिशातला हात बाहेर काढून फळीचं दुसरं टोक धरायला गेले.

मला मग शेठने सांगितलं. आबांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. लक्षद्वीपच्याही पलीकडे, भर समुद्रात, एका वादळात तो डेकवरून गेला. कंपनीने त्याची बॅग घरी पाठवली आणि तो जिथे पडला ती समुद्रातली जागा आकड्यांत कळवली. तो सापडला नाही. घरी काहीच करता आलं नव्हतं, ना खांदा, ना राख. नातेवाईक म्हणाले, पिठाचा पुतळा करा आणि उरकून टाका. आबांच्या बायकोने, काकूंनी, ऐकलं नाही. "माझं पोरगं पिठाचं न्हवतं," म्हणाल्या.

त्यांच्या गावात एक रीत आहे. माणूस विहिरीत, घाटात, कुठे परमुलखात गेला, तर घरच्यांपैकी कुणीतरी त्या जागेवर जातं. त्याला घरच्या नावाने हाक मारतं, "चल घरी" म्हणतं आणि तिथलं पाणी किंवा माती तांब्यात घेऊन माघारी वळतं. मग घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही. बोललं किंवा बघितलं की मागून येणारा तिथेच थांबतो. घरात असलेल्यानेही उंबऱ्यावर न बोलता भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी ओतायचं, आणि मगच तोंड उघडायचं. एवढं झालं की गेलेला माणूस घरी आला. पुढचे दिवस करायला मोकळीक झाली. आबांना तिथे जायचं होतं. बोट त्याच्यासाठी होती.

मुलाचं नाव त्यांनी आमच्यासमोर कधी घेतलं नाही. शेठच्या तोंडून निघायला लागलं तर हात वर करायचे. "ऱ्हाऊ दे. तिथं लागणार हाय ते." मला ते नाव अजूनही माहीत नाही.

एका पावसात आम्ही दोघं शेडच्या दाराशी चहा घेत होतो. आबा आपल्याआपणच म्हणाले, "गावची वाट असली तर दिसभर गप्प बसता येतं. ह्यो समुद्र हाय. येताना लय दिवस लागतील. तवर न बोलता चालतंय का, कुणाला ठाव." मी आयुष्यात त्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलले ते तेव्हा. मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं, कारण ती रीत आमच्यातही आहे. माझे चुलते मेंढरांबरोबर कोकणात उतरताना घाटात दरीत गेले. वडील तिथे जाऊन हाक मारून आले. येताना वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या तांड्याबरोबर, मेंढरांच्या चालीने आले, मुक्काम करत करत. तोंडातून शब्द नाही. वाटेत बाभळीचा काटा पायात मोडला तरी हुं केलं नाही. आम्ही पोरं त्यांच्यापुढे चालायचो, मागे जायची आम्हाला भीती वाटायची. घरी आल्यावर आईने पाणी ओतलं आणि मग त्यांनी काटा काढायला सुई मागितली.

आबांनी ऐकून घेतलं. कप खाली ठेवला, जमिनीला ठोकून. "म्हंजी लांबची वाट चालती," म्हणाले.

त्याच पावसाळ्यातली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मी बोटीच्या पोटात लांब फळीजवळ बसले होते. पत्र्यावर इतका पाऊस होता की कानाला काही कळत नव्हतं, फक्त तळव्याला कळत होतं. तळव्याखाली टक झालं. भरीव होतं, मी एकदा वाजवलं. पुन्हा टक झालं, मी पुन्हा वाजवलं. असं बराच वेळ चाललं. मग मी बाहेर आले. आबा तिथे नव्हते. ते पुढच्या बाजूला शेठबरोबर टाकी उचलत होते आणि त्यांचा रुपया शिडीच्या पायरीवर ठेवलेला होता. पत्र्यावरून गळणारं पाणी असेल. बोटीच्या त्या बाजूला पाणी गळत नव्हतं, पण असेल.

काकू मधूनमधून यायच्या. बारीक बाई, आवाज खणखणीत. पिशवीत कायम तो तांब्या असायचा, चिंचेने घासून लखलखीत केलेला, तोंडाला फडकं बांधलेला. आल्या की टाकीवर पिशवी ठेवायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं. "झाली का बोट?"

"उघडीप पडू दे."

"आवं, म्हातारी झाले मी तुमची उघडीप ऐकून ऐकून."

"समुद्र हाय त्यो. वढा न्हवं."

"मला सांगताय व्हय? वढ्यात गेला असता तर मीच गेले असते की आणायला."

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आभाळ धुतल्यासारखं झालं. बोट पुरी झाली होती. शीड आलं होतं, ट्रेलरवाल्याशी बोलणं झालं होतं. आबांनी मला पुन्हा आत बसवलं. ठोकलं. मी एकदा वाजवलं. त्यांनी त्याच जागी पुन्हा ठोकलं. मी एकदा. बाहेरून त्यांचा आवाज आला, "गप्पे, नीट ऐक. हितं भद्द वाजतंय." मी कान लावून ऐकलं. भरीव होतं. बाहेर आले तेव्हा त्यांनी स्वतःच खडूने गोल केला होता. ग्राइंडर लावून त्यांनी तिथले चांगले थर कापून काढले, नवे घातले, ते वाळायची वाट बघितली. तोवर ढग आले. ढग गेल्यावर दुसऱ्या जागी भद्द वाजलं. तिथेही कापलं. ट्रेलरवाला दोनदा माघारी गेला. शेठला वाटलं, आबांचा कान गेला. मला तसं वाटलं नाही. पूर्वी ते ठोकून ऐकायला थांबायचे. आता ठोकायचे आणि न थांबताच खडू काढायचे.

मला जे कळलं ते मी कुणाला बोलले नाही. तिथे जाऊन हाक मारली की मुलगा गेला हे खरं होणार होतं. पाऊस होता, बोट पोकळ होती, तोवर ते खरं झालेलं नव्हतं.

काकू आल्या त्या दिवशी बोटीच्या कुशीला ताजं भोक होतं. आरपार. काकूंनी पिशवी ठेवली नाही. हातातच धरून विचारलं, "ह्ये काय?"

"पोकळ लागलं."

"गेल्या खेपंलाबी पोकळच लागलं हुतं."

"लागलं तर काय करू? तशीच नेऊ?"

काकू माझ्याकडे वळल्या. "बाई, आत तू असतीस न्हवं? जा आत. आवं, तुमी ठोका. सगळी बोट ठोका. मी हाय उभी."

मी आत गेले. आबा ठोकत निघाले, पुढून मागे, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मी प्रत्येक ठिकाणी एकदा वाजवलं. शेडमधलं बाकीचं काम थांबलं होतं. शेवटी आबा भोकापाशी आले. भोकाच्या शेजारी त्यांनी ठोकलं आणि ते थांबले. मला भोकातून त्यांचा एक डोळा दिसत होता. त्यांनी मान किंचित हलवली. दोनदा वाजव, असं ते मला विनवत होते. मी तळवा नीट टेकला आणि वाट बघितली. त्यांनी पुन्हा ठोकलं.

मी एकदा वाजवलं. घट्टच होतं ते.

 बाहेरून काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "त्यो तिथं एकटा हाय, आवं. आन आपण हितं पाऊस बघत बसलोय."

आबांनी ते भोक स्वतः बुजवलं. माझ्याकडून फक्त रोलर फिरवून घेतला. थर वाळल्यावर ठोकून बघितलं, मान तिरकी केली, ऐकलं. "घट्ट हाय," म्हणाले. मला वाटतं, त्या सालातला तो पहिलाच आवाज त्यांनी खरा ऐकला.

ट्रेलर आला. काकूंनी बोटीच्या नाकावर नारळ फोडला आणि तांब्या आबांच्या हातात दिला. आबा सगळ्यांना भेटले. माझ्यापुढे आले तेव्हा मी खाली बघत होते. त्यांनी माझ्या कपाळावर पेराने हळूच ठोकलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ही बी घट्ट हाय." सगळे हसले. ट्रेलर आंबा घाटाकडे गेला. शेडचा मागचा भाग इतका मोठा आहे हे आम्ही विसरून गेलो होतो.

कोकणातून त्यांचे फोन आले. मग केरळच्या एका बंदरातून आले. तिकडे वादळ उठलं होतं. "बांधून घातलीय बोट. बसलोय गप," म्हणायचे. शेठ गंमत करायचे, "उघडीप पडू दे, आबा." आबा हसायचे. एका दुपारी फोन आला आणि ते म्हणाले, "पडली उघडीप. निघतो. इथनं पुढं रेंज न्हाई. आन येताना मी बोलायचा न्हाई, म्हाईत हाय न्हवं? फोन करू नगासा. घरी पायावर पाणी पडल्यावर पयला फोन मीच करीन." शेठने फोन माझ्यापुढे धरला.  मी फोनच्या पाठीवर पेराने एकदा वाजवलं. पलीकडे वारा होता. मग वाऱ्यातून टक असा आवाज आला. एकदाच.

त्यानंतर काही आलं नाही. दुसरा कुणी समुद्रात गेला असता आणि बोलायचा थांबला असता, तर आम्ही लगेच धावलो असतो. आबांचा आवाज येत नव्हता म्हणून आम्ही आनंदात होतो. शेठ म्हणायचे, "हाक मारून झाली असणार. वाटंवर हायत." काकू रोज दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी तयार ठेवत होत्या. जेवढे दिवस जास्त गप्प गेले, तेवढे ते घराजवळ आले असं आम्ही धरत होतो. शेठने शेवटी किनाऱ्यावर चौकशी केली तेव्हा फार उशीर झाला होता. तिकडच्या लोकांनी शोध घेतला. बोट नाही, शीड नाही, फळीसुद्धा नाही. आबा हाक मारायच्या आधी गप्प झाले की हाक मारून झाल्यावर, हे सांगणारं कुणी नाही.

मी अजून टाक्यांचंच काम करते. टाकी झाली की ठोकून बघते. शेठ म्हणतात, आबा शिरलाय हिच्यात. ठोकल्यावर मी थोडा वेळ तळवा तसाच ठेवते. ते कशासाठी, हे शेठ विचारत नाहीत.

परवाच्या श्रावणात एका रविवारी मी काकूंना भेटायला त्यांच्या गावी गेले. पाऊस होता. दार सताड उघडं, पाणी सोप्यापर्यंत आलेलं, उंबऱ्याला पोतं लावलेलं. मी म्हटलं, "काकू, दार तरी लोटून घ्या." काकू म्हणाल्या, "आन ते आले म्हंजी? त्यास्नी बोलायचं न्हाई. हाक कशी मारतील, दार उघड म्हणून?" ओट्यावर ताटलीत ताज्या भाकरीचा तुकडा होता, शेजारी पाण्याची कळशी.

आम्ही बोलत असताना कोनाड्यातला फोन वाजला. मी उठले. काकूंनी माझा हात धरला. "वाजू दे. त्यांचा न्हाई त्यो. त्ये बोलायचे न्हाईत. जे बोलंल ते दुसरंच कुणीतरी असंल." फोन वाजून वाजून थांबला. मी धीर करून विचारलं, "काकू, एवढे दिवस?"

"ह्यांनी सांगितलं हुतं मला. तुजा बाप न बोलता किती चालला?"

"लय."

"त्यो जमिनीवर. ह्यो समुद्र." त्यांनी बाहेर बघितलं. "आन ह्या पावसात कोण निघंल बाई? थांबलं असतील कुठंतरी दोघं. उघडीप पडली की येतील."

थोड्या वेळाने पाऊस थांबला आणि अंगणात ऊन पडलं. मी निरोप घेऊन निघाले. बोळाच्या तोंडाशी गेल्यावर लक्षात आलं, छत्री राहिली. माघारी आले. काकू आत होत्या. हाक मारायची मला सवय नाही. उघड्या दारावर मी पेराने एकदा वाजवलं.

आत भांडं पडलं. काकू आल्या त्या पदर डोक्यावरून घेऊन, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला गडू. ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागे बघितलं, जरा उंचावर, जिथे उंच माणसाचा चेहरा असतो. मला "मीच आहे" म्हणायचं होतं. 

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. तुकडा माझ्यावरून ओवाळून अंगणात टाकला, माझ्या पायांवर पाणी ओतलं, कोपऱ्यातली छत्री आणून माझ्या हातात दिली आणि दुसरा तुकडा मोडायला आत गेल्या.